सांदवाडीतला वाटाणा : थंडी मोजून पेरा

आमच्या वर्धा जिल्ह्यात कोणत्याही घरामागच्या सांदवाडीत डोकावलं तर सांभार (कोथिंबीर), पालक, मिरच्या, चार वांग्यांची झाडं आणि कुडावर चढवलेला वाल दिसतोच. वाटाणा मात्र क्वचित. मटर म्हणजे आठवडी बाजारातून आणायची वस्तू, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे. एकदा लावून पाहिला आणि आला नाही, असंही बऱ्याच घरी झालेलं असतं. माझंही तेच. पहिल्या वर्षी बी चुकलं, दुसऱ्या वर्षी वेळ चुकली, तिसऱ्या वर्षी कुठे शेंगा दिसल्या. तेव्हा खालचं बरंचसं फटके खाऊन शिकलेलं आहे.

आधी वेळ, मग बाकी सगळं

वाटाणा हे थंडीचं पीक आहे, हे सगळे सांगतात. पण आपल्याकडे थंडी किती दिवस असते, हे कुणी मोजत नाही. पाऊस गेला की ऑक्टोबरात ऊन कडाडतं, अंगणात पाय भाजतात. खरा गारवा दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि फेब्रुवारी अर्धा झाला की दुपारी पुन्हा पंखा लागतो. मधे उरले तीन-साडेतीन महिने. लवकर येणाऱ्या जातीलाही पेरल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत ६० ते ६५ दिवस लागतात, त्यापुढे तोडे दोन-तीन आठवडे चालतात. फुलं असताना दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जायला लागला तर फुलं गळतात, आणि ज्या शेंगा धरतात त्या अर्ध्या पोकळ निघतात. म्हणजे थंडी आपल्याला जेमतेम पुरते, उरत नाही.

म्हणून पेरणी २० ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या दिवसांतच करायची. सोप्पी खूण सांगते : सोयाबीन निघून वावरात हरभरा पेरायची लगबग सुरू झाली की सांदवाडीत वाटाणा पेरायचा. दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा करून घटस्थापनेलाच पेरून टाकला होता. लवकर पेरलं तर लवकर येईल, असा हिशोब. अर्धी रोपं उन्हानं पिवळी पडून बसली, उरलेल्यांची वाढ खुंटली. आणि डिसेंबरात पेरणाऱ्यांचं उलटं होतं. वेल छान वाढतो, फुलावर येतो, आणि तेवढ्यात वर ऊन आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी.

जमलं तर सगळं बी एका दिवशी टाकू नका. अर्धं ऑक्टोबरच्या शेवटी, अर्धं दहा-बारा दिवसांनी. शेंगा एकदम अंगावर येत नाहीत आणि एक पेर फसली तर दुसरी हाताशी राहते.

बी कोणतं घ्यायचं

पहिल्या वर्षी मी किराणा दुकानातून उसळीचा वाटाणा आणला आणि तोच पेरला. उगवला की! कमरेच्या वर गेला, फुलं आली, शेंगा आल्या. पण दाणे दोन दिवसांत कडक व्हायचे आणि गोडी नावाला नव्हती. तो दाणा वाळवून खायचा होता, हिरवा सोलून खायचा नव्हताच.

फरक बियातच दिसतो. उसळीचा वाटाणा गोल, गुळगुळीत असतो. हिरव्या शेंगांच्या जातीचं बी वाळल्यावर सुरकुतलेलं, आक्रसलेलं दिसतं. त्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त, म्हणून कच्चा दाणा गोड लागतो. तोच वाळला की पाणी जाऊन अंग आत ओढलं जातं. आता चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगॉर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर जे प्रयोग केले, त्यात गोल दाणा की सुरकुतलेला दाणा हाही एक गुण होता. शाळेत नववी-दहावीला आपण ते तक्ते पाठ केले. दुकानात उभं राहून कोणतं बी घ्यायचं हे मात्र त्यातून सुचलं नाही.

तर कृषी सेवा केंद्रातून भाजीच्या वाटाण्याचं पाकीट मागायचं. नवख्यांसाठी अर्केल ही जात बरी. झाड बुटकं, गुडघ्याएवढं, आणि लवकर येतं. बोनव्हिल गोड असते, पण तिला अर्केलपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त लागतात, म्हणून ती पेरायची तर ऑक्टोबरातच. भुरीचा दरवर्षी त्रास असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अजित विचारून बघा, ती भुरी आणि तांबेरा दोन्हींना टिकते. पाकिटावरची तारीख बघून घ्या. दोन वर्षांपूर्वीचं बी स्वस्तात देतो म्हणाले तरी नको.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद वाफ्याला तीनेकशे दाणे पुरतात, म्हणजे १०० ग्रॅमचं पाकीट आणून थोडं उरतं. एवढ्या वाफ्यातून नीट पिकलं तर चार-पाच किलो शेंगा मिळतात, सोलून दोन किलोच्या आसपास दाणे. वर्षभराचा साठा होणार नाही, हे आधीच सांगते. पण संक्रांतीच्या सुमारास महिनाभर ताजा वाटाणा घरचा असतो.

काळ्या मातीचं करायचं काय

आपली माती ताकदीची आहे, पण वाटाण्याच्या मुळांना पाण्यात उभं राहणं अजिबात चालत नाही. आणि काळी माती एकदा प्यायली की आठ दिवस सोडत नाही. म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करायचा. दिवसातून पाचेक तास तरी ऊन येईल अशी जागा हवी. कडुनिंबाच्या सावलीत नको, आणि न्हाणीचं पाणी जिथून वाहतं तिथे तर नकोच.

माती वीतभर खोल खोदून ढेकळं फोडा. मग दोन-तीन घमेली शेणखत. पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. एवढ्या वाफ्याला दोनशे ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळलं की पुरे. युरियाला हात लावू नका. वाटाणा हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः घेतो; वरून युरिया दिला तर वेल हिरवागार, पाहणारा "वा" म्हणतो, आणि शेंगा मोजून दहा. चुलीची राखही टोपल्यानं ओतायची सवय असते आपली. पण काळ्या मातीत पालाश (पोटॅश) बहुधा पुरेसं असतं आणि माती आधीच खारवटपणाकडे झुकलेली असते, तेव्हा राख पेरूच्या बुंध्याला टाका.

त्या गाठींसाठी रायझोबियम हे जिवाणू खत बियाला चोळावं लागतं. इथे एक गोष्ट दुकानदारही चुकवतात. हरभऱ्याचं रायझोबियम वाटाण्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. पाकिटावर वाटाणा, मसूर किंवा लाखोळी असं लिहिलेलं पाहून घ्या. या तिघांचं जमतं. अर्धी वाटी पाण्यात लिंबाएवढा गूळ विरघळवून, त्याचे चमचाभर थेंब बियावर शिंपडायचे, जिवाणू खत हलक्या हातानं चोळायचं आणि सावलीत अर्धा तास सुकवून लगेच पेरायचं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मेले समजा. बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं आलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते लेकरांच्या आणि कोंबड्यांच्या हाती-चोचीला लागू देऊ नका. त्यावर जिवाणू खताचा फारसा उपयोगही होत नाही.

वाफसा आणि पेरणी

सगळ्यात जास्त बी इथेच वाया जातं. कोरड्या वाफ्यात बी टाकून वरून बदाबद पाणी सोडलं की काळी माती बसते, वर पापडी धरते, आणि खाली दाणा फुगून सडतो. मी असंच पाणी सोडत होते तेव्हा शेजारच्या काकू कुडापलीकडून ओरडल्या, "अवं, काहून बुडवून रायली त्याले? बी हाय ते, मासोळी नाही!"

करायचं उलट. आधी वाफा भरपूर भिजवा, मग तीन-चार दिवस थांबा आणि वाफसा, म्हणजे पेरायला बेताची ओल, आला की पेरा. वाफसा ओळखायला मूठभर माती घ्या, आवळून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून भुगा झाला तर वाफसा आहे. नुसता चपटा होऊन बसला, किंवा बोटांना माती लोण्यासारखी चिकटली, तर अजून एक दिवस जाऊ द्या.

बी रात्रभर भिजत घालायचा सल्ला बरेच जण देतात. आपल्या मातीत मी तो मानत नाही. ओल असेल तर कोरडा दाणा आपोआप फुगतो. जास्त भिजलेला दाणा चिरतो आणि जड मातीत लवकर कुजतो.

काठीनं फूटभर अंतरावर ओळी ओढा. ओळीत दोन-अडीच इंचांवर एकेक दाणा, खोली दीड पेर, म्हणजे साधारण दीड इंच. वरून भुसभुशीत माती ओढून तळहातानं हलकं दाबायचं. पाणी नाही. पाच-सहा दिवसांनी माती वरून अगदीच कोरडी वाटली तरच झारीनं शिंपडा.

आठ-दहा दिवसांत माती थोडी उचलल्यासारखी होते आणि त्यातून वाकलेली, छत्रीच्या मुठीसारखी हिरवी मान वर येते. वाल उगवताना त्याच्या डाळी जमिनीवर येतात, तशा वाटाण्याच्या येत नाहीत. त्या मातीतच राहतात. याचा एक फायदा आहे. होल्यानं किंवा मैनेनं कोंब खुडला तरी खालचा दाणा शाबूत असेल तर बाजूनं दुसरा कोंब फुटतो. त्यामुळे दोन-चार कोंब गायब झालेले दिसले की लगेच उकरून बघू नका, आठवडा थांबा.

कोंबड्या मात्र दाण्यासकट काढतात. पेरल्या दिवशीच वाफ्यावर बोराटीच्या काट्या पसरून टाका. आमच्याकडे वानरांची टोळी आली की काट्याही कामाच्या नाहीत. तेव्हा घरात कुणी तरी असणं आणि डबा वाजवणं हाच इलाज. जुनी साडी वाफ्यावरून ताणून बांधली तर पाखरं तरी टळतात.

तुराट्यांचा आधार

अर्केल बुटकी असली तरी आधार लागतोच. नाहीतर वेल एकमेकांत गुंततात, जमिनीला टेकतात आणि टेकलेल्या शेंगा कुजतात. बांबू-जाळी विकत आणायची गरज नाही. गेल्या हंगामाच्या तुराट्या, म्हणजे तुरीची वाळकी झाडं, कुठल्याही घरी परसात रचलेल्या असतात. फांद्या न छाटता तशाच, दोन ओळींच्या मधे, फूट-फूट अंतरावर खोचून द्यायच्या. रोपं चार बोटांची झाली की लगेच. नंतर खोचायला गेलं की मुळं तुटतात. पानाच्या टोकाला सुतासारखे तणावे असतात, ते बारीक फांदीला बरोबर पकडतात. जाड काठीला ते वेढा घालू शकत नाहीत, म्हणून फांद्यांची तुराटी काठीपेक्षा चांगली. एखादा तणावा फांदीला टेकवून ठेवा आणि संध्याकाळी परत जाऊन बघा, त्यानं गाठ मारलेली असते. मला अजूनही त्याची गंमत वाटते.

पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, वापरू नका. त्यांना चिकटलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, त्या घराजवळ साठवणंच वाईट.

पाणी, निंदण, आणि एक झाड उपटून पाहणं

काळ्या मातीत आठ-दहा दिवसांनी एक पाणी पुरतं. पण फुलं लागताना आणि शेंगा भरताना, या दोन वेळी ताण पडू देऊ नका. पाणी सकाळी द्या, ओळींच्या मधून, पानांवर नको. दोन ओळींत सोयाबीनचं कुटार (भुसा) पातळसं पसरलं तर माती भेगाळत नाही आणि गवतही कमी होतं.

निंदण दोनदा, पेरल्यापासून विसाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास. खुरपी वरच्यावर चालवायची, मुळं उथळ असतात.

महिनाभरानं एक कमजोर रोप खुरपीनं मातीसकट हळूच काढा आणि मुळं पाण्यात बुडवून धुवा. मोहरीएवढ्या, त्याहून थोड्या मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं चिरून बघा. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर ते काम करत नाहीत. मग वाफ्याला पातळ शेणपाणी किंवा गांडूळखत द्यावं लागेल.

कीड आणि रोग

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. थोडी असेल तर ती पानं खुडून जाळा, एवढंच. मावा शेंड्याला चिकटतो. त्यावर निंबोळी अर्क. अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, एकूण दहा लिटर पाणी करायचं, थोडा साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायचं. उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेली निंबोळी इथे उपयोगी पडते.

शेंगेला गोल भोक दिसलं की आत घाटेअळी आहे. ही तीच, जी कपाशीचं बोंड, तुरीची शेंग आणि हरभऱ्याचा घाटा खाते. आपल्याकडे चहूबाजूंनी तिचंच खाद्य असल्यामुळे ती येणारच. एवढ्याशा वाफ्यात औषध कशाला? रोज सकाळी पाच मिनिटं फिरा, हातानं वेचा, कोंबड्यांपुढे टाका.

भुरी ही खरी डोकेदुखी. जानेवारीत दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की खालच्या पानांवर पिठाचे ठिपके दिसतात. आठवड्यात ते वेलभर पसरतात. ठिपके दिसल्या दिवशीच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला अडीच ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं करपतात. फवारल्यावर काही दिवस शेंगा तोडू नका. किती दिवस ते पाकिटावर असतं. तोडल्यावरही धुऊनच घ्या. शेवटच्या तोड्याच्या वेळी भुरी आली तर मी काहीच करत नाही, वेल तसाही जाणारच असतो.

एखादं झाड एकाएकी पिवळं पडून सुकलं तर तो मर रोग. औषध नाही. उपटून बाहेर जाळा.

तोडणी

फूल लागल्यापासून वीसेक दिवसांत शेंग तयार होते. पण दिवस मोजण्यापेक्षा हात लावून बघा. कोवळी शेंग चपटी आणि मऊ. तयार शेंग भरलेली, चकचकीत हिरवी, दाबली तर आतला दाणा बोटाला लागतो, पण दोन दाण्यांमधे किंचित जागा असते. दाणे एकमेकांना चेपून चौकोनी झाले, साल फिक्कट पडली, तिच्यावर जाळीसारख्या रेषा उठल्या, की उशीर झाला. शंका असेल तर एक सोलून खाऊन बघा. ही तपासणी आमच्या घरची लेकरं इतकी मन लावून करतात की पहिल्या तोड्यातलं निम्मं पीक स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही.

खालच्या शेंगा आधी तयार होतात. तोडताना एका हातानं वेल धरा आणि दुसऱ्या हातानं शेंग देठाजवळून खुडा. एका हातानं ओढली तर शेंगेबरोबर वेलही मुळासकट हातात येतो. नवखे यातच निम्मी झाडं गमावतात. तीन-चार दिवसांनी तोडत राहा. वेलावर शेंग पिकू दिली की झाडाला वाटतं बी झालं, आपलं काम संपलं, आणि नवीन फुलं थांबतात.

सकाळी तोडा आणि दुपारपर्यंत रांधा. तोडल्याबरोबर दाण्यातली साखर स्टार्च व्हायला लागते, बाजारातला मटर कितीही हिरवा दिसला तरी तसा गोड लागत नाही तो यामुळेच. वांगं-आलू-मटर, पोहे, साधा मटरभात. मसाला बेताचाच घाला. साठवायचे असतील तर दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, कोरडे करून बर्फाच्या कप्प्यात. पण गावात वीज सहा-सहा तास जाते तिथे हा कारभार कशाला? एकदा वितळून पुन्हा गोठलेले दाणे मी फेकून दिले आहेत.

पुढच्या वर्षाचं बी

वाटाण्याच्या फुलात परागीकरण फूल उमलायच्या आधीच, आतल्या आत होतं. त्यामुळे अर्केलच्या बियातून अर्केलच येते. संकरित बी असेल तर मात्र नाही. चार-पाच निरोगी झाडं आधीच मनाशी ठरवून त्यांना लाल चिंधी बांधा आणि त्यांच्या शेंगा तोडूच नका. शेंगा वेलावर वाळून खुळखुळ वाजल्या की काढायच्या, सोलून दोन-तीन दिवस सावलीत, मग थोडं कोवळं ऊन. दातानं चावून दाणा तुटला नाही, टक् आवाज झाला, की कोरड्या बाटलीत वाळल्या निंबाच्या पाल्यासोबत भरून बूच घट्ट. महिन्यातून एकदा बाटली उजेडात धरून भुंगा बघायचा.

तोडे संपले की वेल उपटू नका, जमिनीलगत विळ्यानं कापा. मुळं आणि गाठी मातीतच राहू द्या. त्याच वाफ्यात उन्हाळी भेंडी चांगली येते. तीन वर्षं तरी तिथे पुन्हा वाटाणा नको, मर बसते. कापलेले वेल शेळीला घालायचे असतील तर आधी आठवून बघा, गंधक कधी फवारलं होतं.